मागील सभेचे इतिवृत्त

स्कन्थॉर्प. फेब्रुवारी. सभागृहातला हीटर बंद,
विषयपत्रिकेवर विषय एकच: धुरावरचा कर.
मी टेबलाच्या टोकाशी, वही उघडून.
माझं काम ऐकायचं,
आणि ऐकलेलं पाणी घालून लिहायचं.

खासदारबाई आल्या, रोवीना थॉर्नडाइक,
कोट ओला, सायकलचं हेल्मेट काखेत.
आमच्याकडे उंटावरचे शहाणे म्हणतात,
इथल्यांनी सायकलवरचे पाहिले.
निम्मी सभा त्या हेल्मेटनंच बिघडली.
हे वहीत नाही.

वहीत आहे:
"एका नागरिकाने गॅसच्या बिलाबाबत नाराजी व्यक्त केली."
म्हणजे डेनिस कॉथॉर्न उठला.
एकतीस वर्षं भट्टीसमोर उभा राहिलेला,
एक भुवई कायमची अर्धी.
बिल चष्म्याच्या डबीत घडी घालून आणलेलं.
"बाई, तुमच्या पुलाचं पोलाद आमचं,
तुमच्या रुळांचं पोलाद आमचं,
मग धूर तेवढा आमच्या एकट्याचा कसा?"
टाळ्या.
टाळ्या लिहायच्या नसतात.

"वाहतूक व्यावसायिकांच्या अडचणी मांडण्यात आल्या."
तोफज्जुल मियाँ, टॅक्सीवाले, एवढंच म्हणाले:
"डिझेल महागलं तर मी पॅसेंजरला सांगू की अल्लाला?
दोघंही घासाघीस करत नाहीत."

मग ग्लेनिस टॅग.
भाजीवाफ्यांच्या मंडळाची खजिनदार,
हातात शाळकरी चौकटींची वही.
तिनं सगळं मांडलं होतं: कर किती गेला,
सरकारी परताव्याचा चेक किती आला,
वजाबाकी खाली दोन रेघांत.
"मला वर्षाला अडतीस पौंड जास्तच मिळतात.
तुम्हालाही मिळत असतील. एकदा बघा तरी मांडून."
मागून कुणीतरी ओरडलं, "मग तुझे मला दे!"
हशा.
ती हसली, बसली,
आणि त्याच पानावर पुन्हा एकदा बेरीज तपासू लागली.
मी लिहिलं: "काही आकडेवारी सादर झाली."

मला कुणी विचारलं नाही.
इतिवृत्त लिहिणाऱ्याला मत नसतं,
फक्त अक्षर असतं.

मे महिन्यात बाई पडल्या, दोनशे बारा मतांनी.
नव्या साहेबांनी चौकात खरोखरीचं फावडं आणलं,
खड्डा खणला, 'कर' लिहिलेला खोका पुरला, फोटो काढले.
खड्डा नगरपालिकेनं बुजवला, आपल्या खर्चानं.
शरदात कायदा रद्द.
डेनिसचं बिल अकरा पौंडांनी उतरलं,
पुढच्या पत्रात स्थिर आकार नऊनं चढला.
आणि भट्टी?
ती काही करामुळे थंडावली नव्हती,
कर गेला म्हणून पेटलीही नाही.
डिसेंबरात शेवटची धार ओतली,
डेनिस कुंपणाबाहेर उभा होता,
ग्लेनिस थर्मास घेऊन त्याच्या शेजारी.
काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.
पहिल्यांदाच मला ते लिहायचं नव्हतं.

नवी आले तेव्हा खिडकीच्या कठड्यावरची तांबडी धूळ
मी रोज पुसायचे.
पुढे पुढे तिच्यात बोटानं तारीख लिहू लागले,
दूध संपलंय, फी भरायची आहे, असलंही काही.
आता कठडा स्वच्छ आहे.
श्वास मोकळा आहे, हे खोटं नाही.
बोट मात्र सवयीनं फिरतं
आणि काहीच उमटत नाही.

काल सभा भरली. हजर नऊ.
बाई नाहीत, कर नाही, भट्टी नाही,
ग्लेनिसची चौकटींची वही 'प्राप्त पत्रव्यवहार'मध्ये, क्रमांक सात.
अध्यक्षांनी घसा खाकरला.
विषय पहिला:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून
कायम करण्यात आले.