वर्ग

सुरतेच्या कोर्टाचं समन्स आलं, तेव्हा
कुमुदिनीनं वकिलाच्या फीआधी रेल्वेचं भाडं विचारलं.
टिटलागडहून दीड दिवस,
जनरल डब्यात, संडासाच्या दाराशी;
मुलीला अजून तिकीट लागत नाही, तेवढंच बरं.
सहा तारखा.
तिकडं सगळे गुजरातीत बोलायचे,
आपलं नाव कानावर आलं की ती उठून उभी राहायची.

मग दिल्लीहून हुकूम:
खटला बलांगीरला वर्ग.

आज ती चालत आलीय,
भात उतरवून, चूल विझवून.

कोर्टाच्या पायरीवर तो.
मांडीवर पिशवी, डोळे लाल,
शर्टाला त्याच दाराचा वास.

"हा कोण?" मुलगी विचारते.
याचं उत्तर कुठल्याच अर्जात लिहिलेलं नव्हतं.
"आपल्या गाडीनं आलाय,"
ती म्हणते.