मिठाचं पाणी

क्लायपेडातल्या स्वयंपाकघरात
केस्तुतिस पेल्यात मीठ ढवळतो आहे.
सात चमचे, विरघळेपर्यंत.
पारख करणारी बाई फोनवर म्हणाली होती:
खरा तृणमणी तरंगतो, खोटा तळ गाठतो,
घरीच बघा, मग या.

आईची माळ. एक्केचाळीस मणी.
दोरा मी कापला
तिच्याच नखं काढायच्या कात्रीनं.
बाबांची अंगठी आणि चाप मोडलेलं ब्रोच
बशीत थांबलेत, त्यांची पाळी यायची आहे.

पहिला तरंगला. दुसराही.
तिसरा गेला खाली, बटणासारखा.

शेवटी वर एकोणीस,
बाकीचे तळाशी.

केस्तुतिस म्हणाला, ब्याण्णवचा हिवाळा.
पगार नव्हते, तेव्हा विकले असणार एकेक करून.
आपल्यासाठी.
त्याचे डोळे भरून आले.
मी गप्प.
मला आठवत होता त्याच हिवाळ्यातला
लाल कोट, फरच्या कॉलरचा,
आणि शनिवारी संध्याकाळी
जिना उतरत जाणारा तिच्या टाचांचा आवाज.
कुठे, ते आम्ही कधी विचारलं नाही.

उद्या एकोणीसच नेऊ, तो म्हणाला,
खालचे टाकून दे.

मी पेल्यात बोटं घातली.
नखाजवळची चीर झोंबली.
बावीस मणी साध्या पाण्यानं धुतले
आणि ओवायला बसले.
आकार तोच, मधासारखा रंग तोच,
आतले बुडबुडेसुद्धा.
इतके हुबेहूब निवडायला
किती दुकानं पालथी घातली असतील तिनं,
तो कोट घालून.