काढलेली यादी

रात्री पावणेदोनला विश्वामित्री समाच्या रस्त्यावर आली
आणि आमच्या फाटकाशी थांबली, पत्ता विचारणाऱ्या माणसासारखी.
खालून रमणभाईची हाक: बेन, पाणी आवी गयुं.
लाइट गेलेले. लॅपटॉपची बॅटरी एकसष्ट टक्के.

मागच्या पुरात एक यादी केली होती.
शिडी कुणाकडे, ट्रकची ट्यूब कुणाकडे,
जिन्यात मगर बसली तर कुणाला फोन,
कुठल्या मजल्यावर ऑक्सिजनवरचं माणूस.
ऑफिसच्या कोडमध्येच ठेवली होती,
त्या आठवड्यात घरात दुसरं काही कोरडं नव्हतं म्हणून.

आता पाहते तर बिलांची फाइल आहे, करांची आहे,
पूर-यादी नाही.

इतिहास मागितला, फक्त काढलेल्यांचा.
एक ओळ आली:
तीन वर्षांपूर्वीचा मार्च, दुपारचे सव्वातीन,
‘जुना पसारा काढला. आता लागणार नाही.’
काढणारी: सुनेत्रा फणसे.

मीच की.
आठवत नाही. पंखा फिरत असेल, चहा यायचा असेल,
नदी तेव्हा पुलाखाली एवढीशी, वास मारत पडलेली.

हे घर कसं चालतं ते मला ठाऊक आहे, पोटापाण्याचं काम आहे माझं.
मजकूर एकीकडे ठेवतात, चाळीस अक्षरांच्या खुणेखाली.
त्याचं नाव तिथे नसतं, नाव दुसऱ्या पानावर.
काढलं म्हणजे काय केलं?
पुढच्या पानावर नाव लिहिलं नाही, इतकंच.
मागच्या पानाला कुणी हात लावत नाही.
रिकामी खोली मात्र हे घर सांभाळत नाही;
‘नवे नंबर’ म्हणून एक फोल्डर केलं होतं मी,
त्यात कधी काहीच घातलं नाही,
त्याचा कुठे मागमूस नाही.

आणि जिने काढलं तिच्याकडे वस्तू मागायची नसते.
तिच्या नोंदीत फक्त नसणं आहे.
एक पाऊल मागे जायचं,
खुणेपुढे छोटीशी टोपी काढायची,
म्हणजे तिच्या आईच्या दारात.
फाइलचं नाव सांगितलं. एंटर.

आली. तशीच.
माझ्या चुकांसकट, ‘शीडी’ सुद्धा दीर्घच.

बॅटरी चव्वेचाळीस. रमणभाईच्या गुडघ्याला पाणी.
वाचायला लागले.
बी-३०४, कमलाबेन, ऑक्सिजन.
कमलाबेनना जाऊन दोन दिवाळ्या झाल्या.
ट्यूब, पंक्चरवाला सलीम. ते दुकान आता मोबाइलचं कव्हर विकतं.
शिडी, मोहिते. मोहिते मुलाकडे ब्रॅम्प्टनला.
यंत्राने शब्द राखला होता, अक्षरही इकडचं तिकडे नाही,
आणि मी एकेक नंबर लावत होते
आणि बाई सांगत होती, हा क्रमांक अस्तित्वात नाही.

शेवटच्या रकान्यावर लिहिलेलं: नाव.
सगळ्यांनी आपापली नावं भरलेली.
फक्त एकाने, फतेगंजच्या जसवंत कहारांनी,
रकाना वेगळाच वाचला होता:
‘आहे. चार माणसांची. वल्हं एकच.’
तेव्हा आम्ही गच्चीवर किती हसलो होतो.
हसून झाल्यावर मी ते दुरुस्त करणार होते.
केलं नव्हतं.

फोन लागला.
दादा नथी, एक पोरगा म्हणाला, झोपेतला आवाज.
मग मागे कुणाशी तरी बोलला, भांडी हलल्याचा आवाज,
एक दार उघडलं.
होडी छे. किती जण?

ए विंगकडे पाहिलं. टॉर्च मोजले.
अकरा म्हणाले, मग म्हणाले, थांब, बारा.
रमणभाईला धरलंच नव्हतं.

बॅटरी एकोणचाळीस.
तो निघाला तेवढ्यात मी यादीत ओळ बदलली:
जसवंत कहार खोडून, नातू,
आणि पुढे काय लिहावं कळेना.
नाव विचारायचं राहिलं होतं.