नमुना कसा घ्यावा

आष्ट्याच्या प्रयोगशाळेत
गट नंबर चारशे बाराची माती
जुन्या पेपरावर सावलीत वाळत घातली होती.
ढेकळं फोडताना दिसलं,
खाली एक निवेदन आहे.
मजकूर मातीखाली. नावं तेवढी उघडी.

एकशे सात नावं.
मागे पदं, पदकं, संस्था,
बऱ्याच जणांपुढे 'निवृत्त'.
आणि सगळ्यांच्या वर, ठळक:
आम्ही, या देशाचे शास्त्रज्ञ.

मगदूम सर म्हणाले, काय शोधताय?
म्हटलं, आम्ही.

बावीस वर्षं मी शेतकऱ्यांना एकच सांगते:
बांधावरची माती आणू नका.
झाडाखालची नको, गोठ्याजवळची नको,
उकिरडा होता तिथली तर नकोच.
ती काळी असते, भुसभुशीत असते,
तिथं काहीही टोचा, येतं.
तिच्यावरून शेताचं कळत नाही.
नागमोडी चाला.
पंधरा-वीस ठिकाणी वीतभर खड्डा घ्या,
घमेल्यात कालवा, चार वाटे करा,
समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा कालवा.
शेवटी अर्धा किलो राहील.
त्याला शेत म्हणा.

या एकशे सातांसाठी
नागमोडी कोण चाललं होतं?
कवठेपिरानला तासिकेवर रसायन शिकवणाऱ्या
वर्षा खोतला कुणी विचारलं?
मिरजेत काचपट्ट्यांवर डोळे घालवलेल्या
शिकलगारला?

माती सारून मी मजकूर वाचला.
पटला. जवळजवळ सगळा पटला,
म्हणून राग थोडा अवघडला.
तिसऱ्या परिच्छेदात मात्र लिहिलं होतं,
'सर्व वैज्ञानिकांचं एकमत आहे.'
इथं मगदूम सरांचं आणि माझं
पीएच मीटर कितीदा जुळवावा यावर
अकरा वर्षांत एकमत झालेलं नाही.

आणि विचारलं असतं, तर केली असती मी सही?
मी साहेबांना विचारलं असतं.
साहेबांनी वर विचारलं असतं.
वरून उत्तर येईपर्यंत
पेपर रद्दीत, रद्दी इथं,
तिच्यावर चारशे बाराची माती.

दुपारी भूपाल चौगुले आले.
ऊस पिवळा पडतोय म्हणून दुसरी पिशवी आणलेली.
उघडली, तर पीठ सांडल्यासारखं पांढरं.
म्हटलं, अहो, ही वरची साय खरवडून आणलीत.
ही नाही चालत. वरचं बाजूला सारून
खालचं घ्यायचं, हजारदा सांगितलं.
ते टोपी काढून बसले. पाणी प्यायले.
म्हणाले,
"ही काय आभाळातनं न्हाई पडली, मॅडम.
खालनंच आलीया."

पुस्तकात हे आहे. मीच शिकवते.
पाणी जास्त झालं, निचरा नसला,
की खालचं मीठ वाट काढत वर येतं,
उन्हात पांढरं होतं, सगळ्यांना दिसतं.
ते शेत नव्हे.
पण शेताशिवाय ते येत नाही.

मगदूम सरांनी वाहकता मोजली,
आकडा बघून त्यांनी मीटर एकदा झटकला.
परत तोच आकडा.

मी दोन पिशव्या केल्या, दोन चिठ्ठ्या,
वरची वेगळी, वीतभर खालची वेगळी.
मग पेपर झटकून निवेदन कापून घेतलं,
आणि सवयीनं
समासात पेन्सिलीनं लिहिलं:

थर: वरचा.
खोली: नोंद नाही.