खाली जागा सोड

तीस वर्षं मी भिंतींवर हीच ओळ सगळ्यात जास्त रंगवली:
नकली मालापासून सावध राहा.
बियाण्याच्या दुकानावर, पंपाच्या दुकानावर,
एकदा तर चिवड्याच्या हातगाडीवर,
लाल ऑइलपेंट, पिवळी सावली, अक्षरागणिक पैसे.

म्हणून कवडू मिस्त्री म्हणाला, 'लिही, नक्कल करा,'
तेव्हा ब्रश डब्यातच राहिला.
'काय लिहू?'
'नक्कल करा. अन् काई बदललं त येऊन सांगा.
बाकी मापं हायेत.'

दिग्रसच्या रस्त्यावर, बाजाराच्या टोकाला चार पत्रे,
लाईन असली तर चालणारं वेल्डिंगचं मशीन,
आणि पुढ्यात जुन्या सायकलींची हाडं.
त्यातून तो डवरा करायचा:
पुढे एक चाक, मागे पास, वर दांडा,
बैल नसलेल्यानं ढकलत न्यावा
कपाशीच्या तासातून.

मी सगळं उघडं काढलं.
चाक बावीस इंची, पास नऊ इंच,
कुठे टाका, कुठे नट,
भंगारात सायकल काय किलोनं मिळते ते,
आणि त्याची मजुरी, दोनशे साठ.
'लोक घरीच करतील. तू खाशील काय?'
'ज्याच्यापाशी मशीन नाई तो येईनच ना बाप्पा.
अन् लिवतानी खाली जागा सोड.'

दोन बुधवार कोणी फिरकलं नाही.
तिसऱ्या बुधवारी एक पोरगा वहीत आकृती उतरवून गेला,
पाणीसुद्धा न पिता.
मग भिंत वाढायला लागली.
सोयाबीनच्या तासाला पास सहा इंच: उकंडा ढोले.
मुरमाड रानात पास काढा, दोन दाते लावा: शब्बीर, लाडखेड.
थ्रेशरमध्ये हात गेलेल्या देवमननं
दांड्याला पट्टा लावला, खांद्यावरून छातीवर,
तो मी चित्रासकट काढला,
आणि त्या दिवशी पैसे मागितले नाहीत.

नंतर माझी चूक.
दांड्याची लांबी त्रेचाळीस, मी लिहिली चौतीस.
सात जणांनी सळया कापल्या.
सात जण कमरेवर हात ठेवून भांडायला आले.
मी दोन बाजार तोंड लपवलं.
तिसऱ्याला पोडावरून पंचफुला टेकाम आली,
'हे चौतीसचं कोनं काढलं?
जल्मात पयल्यांदा दांडा हनुवटीले नाई लागला.'
मी पुसायचं फडकं घेऊनच उभा होतो.
कवडू म्हणाला, 'राहू दे. बाजूले लिही, बायांसाठी.'
'बायांसाठी नोको,' ती म्हणाली,
'बुटक्यांसाठी लिही. माहा नवरा त माह्यापेक्षा बुटका.'
तसंच लिहिलं. कवडूनं नाव घालायला लावलं:
चूक, पेंटरची.

दिवाळीनंतर टेम्पो आला. खोक्यातला डवरा, अठराशे.
तेच चाक, तोच बाक,
चौतीसचा दांडा गुलाबी रंगात, 'लेडीज मॉडेल',
आणि खोक्यावर माझी ओळ, छापील:
नकली मालापासून सावध राहा.
लोक कवडूकडे बघत होते, तो कुऱ्हाड उचलेल म्हणून.
त्यानं उधारी करून एक विकत घेतला,
रात्रभर खोलला.
सकाळी मला उठवायला आला,
'बेरिंग मस्त घातलं रे त्यायनं. नंबर लिही.
कंपनीचं नावबी.'
'त्यांनी तुझं कुठे लिहिलं?'
'त्यायले कोनी जागा नसन सोडली.'

यावेळी मजुरी म्हणून त्यानं मला एक डवरा दिला, चौतीसचा.
मला शेत नाही.
तो मोरीशेजारी टेकलेला असतो,
बायको वांग्यांच्या चार ओळींतून फिरवते.
परवा तिनं दगडानं ठोकून
दांड्याचा बाक थोडा उघडला.
काहून, ते मी विचारलं नाही.
बुधवारी जाऊन सांगायचं तर
आधी विचारावं लागेल.