तिसरा पाय

मिर्फाच्या धक्क्यापासून पाऊण तास.
जुमाने इंजिन बंद केलं.
सात मीटर खाली
आमचं यंत्र, तीन पायांवर.

टूथब्रशने भिंग घासलं,
सुरीने शिंपले खरवडले,
बॅटरी बदलली, रबरी कडीला बोटाने ग्रीस.
ऑगस्ट. पाणी पस्तीस पूर्णांक आठ.

भोवती सगळी पोवळी पांढरी,
धुऊन पालथ्या घातलेल्या कपबश्या.
आई फोनवर म्हणते,
तिकडे स्वस्त असेल ना रे पोवळं?
मंगळासाठी बघ एखादं.

तिसऱ्या पायाशी सुरी थांबली.
नखाएवढं, तपकिरी,
गंजक्या लोखंडाला धरून बसलेलं.
जिवंत.

नियम म्हणतो, सगळं साफ करा.

वर आलो. जुमाने चहा ओतला.
वहीत लिहिलं: दोन पाय साफ.
तिसऱ्याचं
विचारतील तेव्हा बघू.