मुदतीनंतरची बोट

बँकेची बोट बेटाला लागली
तेव्हा मुदत टळून आठ दिवस झाले होते.
वाऱ्याचं कारण मी वहीत लिहिलं,
पण वहीला वारा लागत नाही.

डोनमनिके धक्क्यावर आधीपासून उभी.
काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
झाकण निघालं तसा आधी वास आला,
सुकवलेल्या मासळीचा, करवंटीच्या धुराचा,
मग नोटा.
कागदी, जुन्या. प्रत्येकीवर तेच शिडाचं गलबत,
तोच नारळांचा घड.
घडी जिथे पडायची नेमकं तिथेच
शीड फाटलेलं.

नवरा समुद्रावर गेला की एक, परतला की दोन,
असं ती टाकत आली.
शेवटची एकच आहे, म्हणाली.

मी नियम वाचून दाखवला.
ती ऐकत होती माझ्या चपलांकडे बघत.
मग मी नव्या नोटा पसरल्या, विकायला आल्यासारखा:
हे बघा, प्लास्टिक, ओल्या हातांनीही चालेल,
हजारावर कासव,
शंभरावर बाई, जरीच्या गळ्याचा झगा.
तिने तो गळा नखानं टोकरला.
"हा मी विणते. चार दिवस जातात.
शंभर कोण देतं?"

परतीच्या भरतीला तीन तास होते.
चहा झाला. मी उगीच बोलत राहिलो,
बँकेनं शिकवलं होतं ते:
लार शहरची चांदीची तार,
केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली,
समुद्रावरून आली आणि इथे नाणं झाली.
चांदी गेली, लारी हे नाव राहिलं.
आता शंभर लारी म्हणजे एक रुफिया,
आणि रुफिया म्हणजे कुणाचा तरी रुपया.
आमच्या ओठांवर प टिकत नाही,
फ होतो.
चहावर फुंकर घालावी तसा आम्ही पैसा उच्चारतो.

ती हसली. बहुधा चहाला.

एवढ्यात लूबा आली, तिच्या मुलीची मुलगी,
फ्रॉकचा ओचा दोन्ही हातांनी धरून.
शेजारी संडासाच्या टाकीचा खड्डा चालला होता,
कमरेइतक्या खोलीवर वाळू काळी लागली,
आणि काळ्या वाळूत कवड्या.
दोन-चार नाही. घमेल्यानं.

डोनमनिके उठून खड्ड्यापाशी गेली. मीही.
तिने एक उचलली, फुंकली, दातांवर घासली.
मग सांगू लागली, मी बँकेचा आहे हे विसरून.
ओहोटीला बायका गुडघाभर पाण्यात शिरायच्या,
झावळ्या तरंगत सोडायच्या, त्यांना कवड्या चिकटायच्या.
मग वाळूत पुरायच्या, आतलं मांस कुजेपर्यंत.
मग धुवायच्या, बारा हजारांचं एक गाठोडं बांधायचं,
आणि गाठोडी बंगालला. तिकडून तांदूळ.
आमच्याकडे कवडीला बोलि म्हणतात.
बोलि बोलायची, तेव्हा हंडी शिजायची.

"हे कुणीतरी पुरलं," ती म्हणाली,
"आणि काढायला आलं नाही."

ताप आला असेल. जहाज आलं नसेल.
किंवा आलं असेल, आठ दिवस उशिरा,
आणि कुणीतरी माझ्यासारखा
वही घेऊन उतरला असेल.
हे मी बोललो नाही.

मी पाकीट काढलं. माझ्या पगारातली
वीसची नवी नोट तिच्यापुढे धरली.
"भीक आहे का बँकेची?"
"नाही, माझी."
"मग तर नकोच."
उलट डब्यातून एक गलबत काढून
तिनेच माझ्या खिशात कोंबलं.
सुट्टे नाहीत म्हणाली, राहू दे.

लूबानं ओव्हळूचा पाट आणला.
खळग्या-खळग्यांत काळ्या कवड्या वाटल्या,
माझ्या वाट्याच्या मोजून दिल्या, दोनदा.
मी मोजण्याचंच काम करतो.
तरी हरलो.

भोंगा वाजला. वहीत लिहिलं:
जुन्या नोटा, डबा एक, स्वीकारल्या नाहीत.
सही केली.
बोट हलली तेव्हा खिशातलं शीड
घामानं ओलं होऊन
मांडीला चिकटलं होतं.